नवऱ्याचे खापरपणजोबा काळ्या पाण्यावर टास्मानियात आले होते. माग कसा काढावा?

यारा_काठची

माझं सासर मेलबर्नचं, पण सासूबाईंचं माहेर टास्मानियातलं. सासूबाई आता ८४ वर्षांच्या आहेत. त्यांच्या पणजोबांविषयी घरात आजवर एकच वाक्य ऐकलं होतं, "ते जहाजाने आले." कोणत्या जहाजाने, कुठून, कशासाठी, हे कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे. अलीकडे त्यांनी स्वतःहून मला जवळ बसवून सांगितलं, की पणजोबा शिक्षा होऊन आले होते. त्यांच्या आईला हे ठाऊक होतं आणि बाहेर बोलायचं नाही अशी तिने शपथ घातली होती. आता डोळे मिटायच्या आत खरं काय ते त्यांना कळायला हवंय. हे काम त्यांनी मुलांना न सांगता सुनेला सांगितलं, याचं मला फार मोल वाटतं.

माझ्या माहेरचा छापील कुलवृत्तांत आहे. माझ्या मुलांना आईच्या घराण्यातली कितीतरी पिढ्यांची नावं सांगता येतात, आणि आजीच्या माहेराबद्दल मात्र चार पिढ्यांपलीकडे काहीच नाही. ते मला सलतं.

हाताशी आहे ते असं: १८४८ मध्ये टास्मानियातल्या हॉबर्टला लग्न, १८७८ मध्ये व्हिक्टोरियातल्या बेंडिगो या सोन्याच्या खाणींच्या गावी मृत्यू. आयरिश होते असं म्हणतात. भुकेल्या भावंडांसाठी पाव चोरला म्हणून शिक्षा झाली, ही घरातली गोष्ट. नाव आणि आडनाव दोन्ही इतकी सर्रास आढळणारी, की शोधायला गेलं की माणसांची रांगच लागते. कुणीतरी नेटवर टाकलेल्या एका वंशवृक्षात त्याच नावाचा माणूस दिसतो, पण तो १८२० च्या दशकात सिडनीला उतरलेला आहे. तोच असेल का? सुरुवात कुठून करू?

डर्वेंट

मी हॉबर्टला राहतो आणि इथल्या कैद्यांच्या जुन्या नोंदी वाचून टंकून द्यायचं काम आवडीने करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तो सिडनीचा माणूस बाजूला ठेवा. नाव जुळलं म्हणून वरून खाली उतरत यायचं नाही. सासूबाईंपासून एकेक पिढी मागे जायचं, आणि हातात कागद असल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही. नेटवरच्या वंशवृक्षांत एकाच नावाच्या दोघातिघांची आयुष्यं एकत्र शिवलेली मी रोज बघतो. एकाने जोडलं की बाकीचे तेच उतरवून घेतात.

तुमच्याकडच्या दोन्ही तारखा फार कामाच्या आहेत. मृत्यूचा दाखला आधी मागवा. व्हिक्टोरियात सरकारी नोंदणी १८५३ मध्ये सुरू झाली. तिथल्या मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांची नावं, जन्मस्थळ, वसाहतीत किती वर्षं काढली, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी झालं, मुलांची नावं आणि वयं, असं सगळं विचारलं जाई. टास्मानियात नोंदणी त्याही आधी, १८३८ मध्ये सुरू झाली, पण तिथल्या त्या काळच्या मृत्यूच्या नोंदीत आईवडिलांचा पत्ता नसतो. ते बेंडिगोला वारले हे शोधाच्या दृष्टीने बरंच झालं. ठिकाण मात्र 'सँडहर्स्ट' म्हणून शोधा, १८९१ पर्यंत बेंडिगोचं अधिकृत नाव तेच होतं.

दाखल्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. माहिती देणारा मुलगा किंवा जावई असे, आणि त्याला सांगितलं गेलं तेवढंच तो लिहवून घेई. १८५१ मध्ये सोनं सापडल्यावर टास्मानियातले शिक्षा संपलेले हजारो लोक बासची सामुद्रधुनी ओलांडून व्हिक्टोरियात गेले. त्यांना अडवायला व्हिक्टोरियाने १८५२ मध्ये कायदाच केला. त्यामुळे पुष्कळांनी मधली टास्मानियातली वर्षं गाळून टाकली आणि थेट आयर्लंडहून आल्याचं सांगितलं.

दुसरी वाट लग्नाची, आणि माझ्या मते तुमच्यासाठी तीच जवळची. वधू-वरांपैकी कुणी एक जरी शिक्षा भोगत असेल, तर लग्नाला सरकारची परवानगी लागे. त्या अर्जांच्या नोंदवह्या शाबूत आहेत. इथल्या सरकारी ग्रंथालयाच्या 'टास्मानियन नेम्स इंडेक्स'मध्ये नाव टाका आणि लग्नाच्या परवानगीचा प्रकार निवडा. पैसे पडत नाहीत, मूळ पानाचं चित्रही दिसतं. त्यात दोघांच्या नावापुढे जहाजाचं नाव असतं.

जहाज सापडलं की माणूस सापडला असं समजा. सरकारदरबारी कैद्याची ओळख शेवटपर्यंत 'अमका, अमक्या जहाजाचा' अशीच राही. तीही जपून वाचायची, कारण 'एशिया'सारखं एकच जहाज कैद्यांना घेऊन अनेक वेळा आलं आहे. म्हणून जहाज आणि साल दोन्ही धरा.

अप्पा_वाईकर

माहिती चांगली आहे, पण मनात आलं ते लिहितो. ज्या आईने शपथ घातली तिला काही कारण असेल. तीन पिढ्या जे झाकून ठेवलं ते नातवंडांच्या नातवंडांनी उघडं करावं का? आपल्याकडेही घराण्यात कुणी तुरुंगात गेलेला असला तर त्याचं नाव कुलवृत्तांतात एका ओळीत उरकतात. त्यामागे पुढच्यांना जगू द्यावं ही माया असते.

यारा_काठची

अप्पा, हे मीही सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आईने मला लाज वारशात दिली, माणूस दिलाच नाही. मला माणूस हवाय." त्यानंतर माझ्या मनात किंतु उरला नाही. मात्र नाव-आडनाव इथे देणार नाही, घरात इतरही आहेत.

शिळाछाप

अप्पांचा मुद्दा या इतिहासाच्या अगदी मुळाशी जातो. लपवणं हाही या कागदांचाच भाग आहे, आणि शोधणाऱ्याने ते गृहीत धरावं लागतं.

मेरी रीबीचं उदाहरण घ्या. १७९० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, मुलाच्या वेशात घोडा चोरताना पकडली गेली. स्टॅफर्डच्या कोर्टात 'जेम्स बरो' या नावानेच उभी राहिली. सात वर्षांची हद्दपारी झाली आणि १७९२ मध्ये 'रॉयल अॅडमिरल' जहाजाने ती सिडनीला पोहोचली. पुढे थॉमस रीबीशी लग्न झालं, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला. १८११ मध्ये विधवा झाल्यावर तिने पदरात सात मुलं असताना जहाजं, गोदामं, जमिनी असा सगळा व्यापार सांभाळला. मध्यंतरी इंग्लंडला जाऊन आली, आणि १८२८ च्या न्यू साउथ वेल्सच्या जनगणनेत तिने सांगितलं, की मी १८२१ मध्ये स्वतंत्र नागरिक म्हणून आले. आज २० डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र आहे. एवढ्या कर्तबगार बाईलाही आपली पहिली खेप पुसावीशी वाटली, मग खाणीवर राबणाऱ्या साध्या माणसाने काय केलं असेल!

१७८८ ते १८६८ या ८० वर्षांत सुमारे १,६२,००० माणसं अशी ऑस्ट्रेलियात पाठवली गेली. शिक्षा बहुधा सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मठेप. न्यू साउथ वेल्सला पाठवणं १८४० मध्ये थांबलं, व्हॅन डीमेन्स लँडला म्हणजे आजच्या टास्मानियाला १८५३ पर्यंत चालू राहिलं, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात १८५० ते १८६८ फक्त पुरुष आले. बहुतेक सगळे चोरीच्या गुन्ह्यातले. पण त्यातच १८३४ मध्ये शेतमजुरांची संघटना बांधल्याबद्दल शिक्षा झालेले इंग्लंडमधल्या टॉलपडल गावचे सहा जण आहेत, आणि कामगारांना मताधिकार मागणारा विल्यम कफेही आहे. त्याच्या वडिलांचा जन्म कॅरिबियन बेटावर गुलामीत झाला होता. कफे १८७० मध्ये हॉबर्टलाच वारला.

पाव चोरल्याची कथा असंख्य घरांत सांगतात. ती खोटी म्हणून टाकू नका, खरी म्हणून धरूही नका. तुमच्या बाबतीत सुदैव असं, की १८४० नंतर टास्मानियात उतरलेल्यांच्या वर्तन-नोंदीत (शिक्षेच्या काळात प्रत्येक कैद्याची ठेवलेली सरकारी नोंद) कोर्टाने लिहिलेला गुन्हा असतोच, शिवाय कैद्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली हकिगतही कारकुनाने टिपलेली असते.

अवांतर, पण आपल्याशी संबंध आहे म्हणून: ब्रिटनमध्ये खटला सापडत नसेल तर लष्करी न्यायालयं पाहावीत. मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या छावण्यांतल्या गोऱ्या सैनिकांना कोर्ट मार्शल होऊन ऑस्ट्रेलियात पाठवल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या पलटणींत आयरिश भरपूर होते. त्याच काळात मुंबई इलाख्यातल्या आपल्या लोकांना मात्र मॉरिशस, सिंगापूर आणि १८५८ पासून अंदमान अशा दिशांना धाडलं जात होतं.

कोकणकडा

वाचनखूण साठवली आहे. एक शंका: डीएनए चाचणीने हे सगळं लवकर होणार नाही का?

डर्वेंट

कोकणकडा, लवकर नाही, पण पडताळ्याला उपयोग होतो. पिढी बदलली की पूर्वजाचा वाटा साधारण निम्मा होतो, म्हणून चाचणी करायचीच तर नवऱ्याची किंवा मुलांची नको, सासूबाईंची करा. आणि त्यांची पूर्ण संमती असेल तरच. त्यातून अनपेक्षित नातीही वर येतात.

यारा_काठची

सापडले! डर्वेंट, तुम्ही सांगितलेल्या वाटेनेच.

लग्नाच्या परवानगीच्या वहीत १८४८ ची नोंद आहे. दोघांच्याही नावापुढे जहाज. म्हणजे खापरपणजीसुद्धा शिक्षा होऊन आलेली, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. बेंडिगोच्या दाखल्यात वडिलांचं नाव आणि आयर्लंडमधला टिपरेरी परगणा आहे, तोच परगणा वर्तन-नोंदीत आहे, वयही जुळतं. त्यामुळे माणूस हाच, याबद्दल आता मनात शंका नाही. दाखल्यात टास्मानियाचा उल्लेख गाळलाय, अगदी तुम्ही म्हणालात तसंच.

नोंदीचं पान उघडलं तेव्हा हात थरथरत होते. खटला १८४२, शिक्षा सात वर्षं, १८४३ मध्ये हॉबर्टला उतरले. पाव नव्हे, गाय चोरली होती. त्यांची स्वतःची जबानी एका ओळीची आहे, गाय कुणाची होती तेही त्यात सांगितलंय. उंची पाच फूट चार इंच, केस तपकिरी, डोळे करडे, वाचता येतं पण लिहिता येत नाही, डाव्या दंडावर गोंदलेला क्रूस. फोटो कुठून मिळणार म्हणून सासूबाई हळहळत होत्या, आणि इथे कपाळ, नाक, हनुवटीपर्यंत वर्णन!

पुढचं अक्षर मात्र लागत नाही. अर्ध्या ओळी तिरक्या, एकावर एक चढवलेल्या. 'टी.एल.' आणि 'एफ.सी.' म्हणजे काय? आणि खापरपणजीच्या नोंदीत 'अॅन्सन' असं लिहिलंय, ते गावाचं नाव आहे का?

डर्वेंट

मनापासून आनंद झाला. दाखला, लग्न आणि वर्तन-नोंद असे तीन स्वतंत्र कागद एकमेकांना दुजोरा देतात, यापेक्षा भक्कम जोडणी क्वचित मिळते.

'टी.एल.' म्हणजे तिकीट ऑफ लीव्ह: शिक्षा चालू, पण ठरलेल्या जिल्ह्यात राहून स्वतःची मजुरी स्वतः मिळवायची मुभा. 'सी.पी.' दिसलं तर सशर्त माफी. 'एफ.सी.' म्हणजे फ्री सर्टिफिकेट, शिक्षा पुरी भोगून सुटल्याचा दाखला. सात वर्षं शिक्षा सुनावल्याच्या दिवसापासून मोजत, म्हणून तुमच्याकडे त्यापुढे १८४९ असायला हवं. नोंद वाचायचा क्रम असा: वरच्या बाजूला गुन्हा, जबानी आणि वर्णन, मग पहिली काही महिन्यांची सक्तमजुरी कोणत्या ठाण्यावर काढली ते, मग 'पासहोल्डर' (चाकरी करायची मुभा मिळालेला कैदी) म्हणून कुणाकडे चाकरीला लागले ते, आणि त्याखाली तारीखवार अपराध. बहुतेकांच्या नावावर दारू पिणं, रात्री परवानगीशिवाय बाहेर राहणं, मालकाला उलट बोलणं असलेच अपराध आहेत. 'एच.एल.' म्हणजे सक्तमजुरी, 'सोल.' म्हणजे एकांतकोठडी. पोलीस नंबरही टिपून ठेवा, एकाच नावाच्या दोघांना वेगळं करायला तो उपयोगी पडतो.

अॅन्सन गाव नाही, जहाज आहे. आरमारातून काढलेलं हे जुनं जहाज १८४४ ते १८५० डर्वेंट नदीत नांगरून ठेवलं होतं. नव्या आलेल्या बायकांना तिथे सहा महिने ठेवून शिवणकाम, स्वयंपाक, धुणं शिकवत आणि मग चाकरीला पाठवत. चाकरीतली बाई गरोदर राहिली किंवा मालकाने तक्रार केली, की तिची रवानगी कॅस्केड्सच्या स्त्री-तुरुंगात होई. हा तुरुंग १८२८ पासून होता, त्याच्या भिंती दक्षिण हॉबर्टमध्ये आजही उभ्या आहेत. तिथे जन्मलेली मुलं अंगावरचं दूध तुटलं की आईपासून काढून घेत, आणि जगली तर पुढे न्यू टाऊनच्या अनाथाश्रमात धाडत. त्या पाळणाघरांत फार बाळं दगावली. हे लिहितानाही जड जातं, पण तुमच्या खापरपणजीचं लग्नाआधीचं एखादं मूल असेल तर ते याच नोंदींत सापडेल. ती वाट सासूबाईंना विचारून, सावकाश चाला. हॉबर्टचं 'फीमेल कन्व्हिक्ट्स रिसर्च सेंटर' या बायकांवरच काम करतं, त्यांच्याकडे जरूर जा.

केतकी_लंडन

विलायतेतल्या कागदांबद्दल थोडं. लंडनच्या ओल्ड बेलीचे खटले नेटवर शोधता येतात, पण ते लंडन आणि आसपासचेच. टिपरेरीचा माणूस तिथे मिळायचा नाही. लंडनमध्येच क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जहाजांवरच्या सर्जनच्या रोजनिश्या आहेत. खापरपणजोबांच्या जहाजाची असेल तर नक्की वाचा. कोण आजारी पडलं, काय औषध दिलं, वादळात खाली किती पाणी शिरलं, असा सगळा प्रवास त्यात भेटतो.

आयर्लंडचं म्हणाल तर १९२२ मध्ये डब्लिनचं अभिलेखागार जळालं आणि जनगणना, मृत्युपत्रं असं अपरिमित काही गेलं. हद्दपारीच्या नोंदवह्या आणि कैद्यांचे दयेचे अर्ज मात्र दुसरीकडे, डब्लिन कॅसलमध्ये असल्यामुळे वाचले. १७९१ ते १८५३ मधल्या त्या नोंदींची सूची आयर्लंडने १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियाला भेट दिली, ती नेटवर खुली आहे. आईने किंवा गावच्या पाद्र्याने दयेचा अर्ज केला असेल तर तोही मिळू शकतो.

शिळाछाप

एक गोष्ट राहू नये म्हणून लिहितो. खापरपणजोबा हॉबर्टला लग्न करत होते त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १८४७ मध्ये, टास्मानियाच्या मूळ लोकांपैकी फ्लिंडर्स बेटावर ठेवलेले ४७ जण हॉबर्टच्या दक्षिणेला ऑयस्टर कोव्हला आणले गेले. तेही एक कैद्यांचं ओसाड पडलेलं ठाणंच होतं. १८२० च्या दशकातल्या लढाईनंतर त्यांना स्वतःच्या भूमीवरून उचलून नेलं होतं. त्या समाजाचे वंशज आजही टास्मानियात आहेत आणि आपला इतिहास स्वतः सांगतात. बेंडिगोची सोन्याची जमीनही जाजा वुरुंग लोकांची. मुलांसाठी लिहिणार असाल तर हे त्याच पानावर यावं असं मला कळकळीने वाटतं. जबरदस्तीने आणलेला माणूस दुसऱ्या कुणाच्या हिरावलेल्या जमिनीवर उभा होता, दोन्ही खरं आहे.

अप्पा_वाईकर

आधी मी विरोधाचा सूर लावला होता, पण आता रोज हा धागा उघडून पाहतो. आमच्याकडे पूर्वी हेळवी यायचे, बाड उघडून घराण्याची नावं वाचून दाखवायचे. त्यात चांगला-वाईट असा भेद नसे, जो जन्मला तो लिहिलेला. सूनबाई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

यारा_काठची

अप्पा, सांगितला. त्यांनी हात जोडले.

शिळाछाप, ते त्याच पानावर येईल. मुलाला मी आधीच सांगितलंय.

काल सगळं त्यांना वाचून दाखवलं. गाय कुणाची होती ते ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "कबूल केलं होतं म्हणजे!" आणि मग बराच वेळ त्या खापरपणजीविषयीच विचारत राहिल्या. अनाथाश्रमाच्या नोंदी पाहायला त्यांनी होकार दिलाय.

आता नवा प्रश्न. जहाजावर उतरवून घेतलेल्या यादीत खापरपणजोबांच्या गावी राहिलेल्या आईचं आणि तीन भावांचं नाव आहे. सासूबाईंनी ती नावं ऐकताच सांगितलं, की त्यांच्या आजोबांच्या थोरल्या तीन भावांची नावं हीच, याच क्रमाने. म्हणजे तिकडे राहिलेल्या भावांची नावं त्यांनी इकडे मुलांना ठेवली. सासूबाईंना आता या तीन भावांचं काय झालं ते हवंय. आयर्लंडमधला मोठा दुष्काळ त्यानंतर दोन-तीन वर्षांतच पडला ना? कुठे पाहू?

डर्वेंट

हो, १८४५ पासून. यादीत गावाचं किंवा वस्तीचं नाव असेल तर आधी ते नकाशावर नक्की करा, परगण्यावर भागणार नाही. मग दोन वह्या पाहा: १८२३ ते १८३७ मधली टाइद अॅप्लॉटमेंटची (चर्चला द्यायच्या करासाठी जमिनीची आकारणी) आणि १८४७ ते १८६४ मधली ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनाची. दोन्ही नेटवर आहेत, पैसे पडत नाहीत. पहिलीत वडिलांचं नाव आणि दुसरीत भावांपैकी कुणाचं मिळालं, तर घर दुष्काळातून तगलं असं धरायला जागा आहे. दुसरीत कुणीच नसेल तर अमेरिकेला गेलेल्या जहाजांच्या याद्या बघू. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने नेटवर ठेवल्यात, अक्षर लागलं नाही तर पानाचं चित्र मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. वस्तीचं नाव काय लिहिलंय?